गाडीत झोपलेली बाई

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसाकाहून माणसं आली होती, क्योतोहून पीएच.डी. करणारी पोरं आली होती, आणि कोबेतले आम्ही मराठी तर होतोच. दाराशी काढलेल्या बुटांची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. आत तातामीच्या चटयांवर दाटीवाटीनं मांडी घातलेली मंडळी, समोर पांढऱ्या चादरीवर विजयानंद महाराज, आणि त्यांच्या डाव्या हाताला शांतामाई. शांतामाई म्हणजे महाराजांची जपानी शिष्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, आणि मौनव्रत. बाईच्या तोंडून कधी हूं की चूं नाही.

"दिसतंय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "अंधार आहे. जमीन हलतेय. कपाट दिसतंय मला, मोठं कपाट. आणि त्याच्याखाली... अरेरे. बोल बाळा, बोल."

मग पन्नाशीचा तो गुटगुटीत माणूस पाच वर्षांच्या पोराच्या आवाजात बोलायला लागला. "आई, माझा निळा टॉवेल दे ना. त्याच्याशिवाय मला झोप येत नाही."

अनुराधानं जो हंबरडा फोडला तो मी विसरणार नाही. भूकंपात तिचा नंदू कपाटाखाली गेला होता, त्या गोष्टीला दुसरं वर्ष चाललं होतं. निळ्या टॉवेलचा कोपरा चोखल्याशिवाय नंदू झोपत नसे, हेही खरं होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून स्वतःचाच संताप आला.

"रडू नकोस माई," महाराज पुन्हा आपल्या आवाजात आले. "नंदू परत येतोय. याच कुशीत येतोय. पण यंत्राची नजर पडली की जीव बिचकतो. तेव्हा डॉक्टर नको, सोनोग्राफी नको, गोळ्या तर नकोतच. विषाच्या घरात देवाचा पाहुणा उतरत नाही."

बायकांनी हात जोडले. अनुराधाला सातवा महिना होता. रक्तदाब चढलेला, पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गोळ्या चुकवल्यास तर तुझ्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. तिचा नवरा उदय शेजारीच बसला होता. हा गृहस्थ आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटर प्रोग्राममधल्या चुका शोधतो, आणि रविवारी मेंदू बुटांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

घरी येताना मी तिला म्हटलं, "अगं, गोळ्या तरी घे. महाराजांना कोण सांगायला जातंय?"

"सुचेता," ती म्हणाली, "त्यांना टॉवेल कसा कळला ते सांग. मग घेते."

त्याच संध्याकाळी तिच्या गोळ्या केराच्या टोपलीत गेल्या.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऊना मॅग्रा राहायची. मूळची आयर्लंडची. तरुणपणी एका जपानी खलाशाशी लग्न करून कोबेला आली, खलाशी वारला, ही राहिली. सान्नोमिया या कोबेतल्या भर वस्तीतल्या एका गुप्तहेरांच्या कचेरीत ती नोकरीला होती. जपानात लग्नाआधी स्थळाची गुपचूप चौकशी करून घेतात. आपल्याकडे हे काम आत्या-मावश्या फुकटात करतात, इथे त्याला कचेरी आहे. तिची-माझी ओळख भांडणातून झाली. मी जाळायच्या वेगळ्या काढलेल्या कचऱ्यात पत्र्याचा डबा टाकला म्हणून ती माझी पिशवी उचलून माझ्याच दारात घेऊन आली होती. साठीला टेकलेली, उंच, हाडकुळी, तोंडाची फटकळ. आम्ही तिला ऊनाबाई म्हणायचो. आमचं बोलणं इंग्रजीत चाले.

तिला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "टॉवेलचं कोणाकोणाला माहीत होतं?"

"आम्हा मैत्रिणींनाच. बाहेर कोणाला नाही."

"आणि तुम्ही मैत्रिणी बोलता कुठे?"

मी म्हटलं, कुठे म्हणजे काय, घरी, फोनवर, गुरुवारी आगगाडीत. दर गुरुवारी आमची टोळी सान्नोमियाला हिंदुस्थानी दुकानात डाळी-मसाले आणायला जायची. त्या गुरुवारी ऊनाबाई त्याच डब्यात चढली आणि लांब जाऊन बसली. आम्ही नेहमीसारख्या सुरू झालो. आमच्यातल्या शमाच्या नणंदेचा घटस्फोट, स्वरूपाच्या नवऱ्याची मूळव्याध, मग अनुराधा. जपानी लोक गाडीत कुजबुजतसुद्धा नाहीत. आम्ही मात्र अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा बोलायचो, कारण एकच: इथे मराठी कोणाला कळतंय? परदेशात आल्यावर आपली भाषा म्हणजे कडी लावलेली खोली असते अशी आमची पक्की समजूत होती.

उतरल्यावर ऊनाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या समोर एक बाई झोपली होती. तोंडाला सर्दीचा मास्क, केसांवर टोपी."

"इथे गाडीत सगळेच झोपतात."

"झोपलेल्याची मान खाली पडते. हिची तुमच्यातली जी बोलेल तिच्याकडे वळत होती. आणि तुम्ही उतरलात तशी तीही उतरली. चेहरा झाकला होता तिनं. बूट कसे झाकणार?"

रविवारी तिनं सभागृहाच्या दाराशी मला ते बूट दाखवले. तपकिरी, डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली, एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी. ते शांतामाईचे होते. मग ऊनाबाईनं आपल्या धंद्यातली हत्यारं वापरली. आठवड्याच्या आत कळलं की मौनी माता नऊ-दहा वर्षं पुण्यात राहिली होती, योग शिकायला. महाराज तिला तिथेच भेटले. तेव्हा ते महाराज नव्हते, विजयकुमार होते, आणि पाण्याच्या टाक्या विकत होते.

मी त्याच पावली अनुराधाकडे धावले. सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा मुलगा, पार्थ, तुझ्याजवळ आहे. तुला काय कळणार?" आणि दार लावून घेतलं.

"बुटांवरून कोणी श्रद्धा सोडत नसतं," ऊनाबाई म्हणाली. "त्याच्या तोंडून सगळ्यांसमोर खोटं वदवायला हवं. माझ्या लहानपणी आमच्या गावात मेरीमातेच्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्या बहिणीला ताप भरला, आईनं तिला डॉक्टरकडे न नेता त्या मूर्तीसमोर नेऊन बसवलं. चर्चच्या छपराला भोक होतं, एवढंच होतं ते. भोक नंतर बुजवलं. बहीण काही परत आली नाही."

पुढच्या गुरुवारी मी गाडीत बसले. समोर मास्कवाली झोपलेली होती. मी शमाचा हात धरला आणि रडायला लागले. म्हटलं, कोणाला सांगितलं नाही आजवर, पार्थच्या आधी मला एक मुलगा होता, रणजित, तीन वर्षांचा, माहेरी विहिरीत पडून गेला. रडणं खोटं काढायचं ठरवलं होतं, ते खरंच आलं. मैत्रिणी माझ्याबरोबर रडल्या. शमानं आपला रुमाल माझ्या हातात कोंबला. ज्यांना फसवत होते त्याच मला पोटाशी धरत होत्या, आणि मी समोरच्या मास्ककडे बघत होते. मान वळली होती.

रविवारी मी नवऱ्याला, पार्थला आणि मुद्दाम सासूबाईंना घेऊन गेले. प्रभावतीबाई, माझ्या सासूबाई, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही सोडत नाहीत. महाराजांना त्या वाकून नमस्कार करायच्या. गुडघ्यांमुळे गुरुवारी गाडीनं आमच्याबरोबर यायच्या नाहीत, आणि माझा बेत त्यांना ठाऊक नव्हता.

महाराजांनी डोळे मिटले. "दिसतंय. पाणी दिसतंय. खोल पाणी. इथे एक माता बसली आहे, जखम लपवून बसली आहे. 'र' दिसतंय मला. रणजित." आणि आवाज बारीक झाला. "आई, विहिरीत फार थंडी वाजते गं. मला वर घे ना."

सभागृहात हुंदके सुरू झाले. शमा माझ्याकडे बघून ओक्साबोक्शी रडत होती. मी उठले.

"माझाच मुलगा तो, महाराज. कितव्या वर्षी गेला?"

"तिसऱ्या, माई. तिसऱ्याच वर्षी."

सासूबाई कोपऱ्यातून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय गं सुचेता, हा रणजित कोण?"

"हिची बाळंतपणं मी केलीत," सासूबाई लोकांकडे वळून सांगायला लागल्या. "बाळंतपणं कसली, एकच. पार्थ पहिला आणि पार्थच शेवटचा. विहीर कुठली काढलीत महाराज? हिचं माहेर चौथ्या मजल्यावर आहे."

महाराज क्षणभर अडखळले, मग हसले. "मागच्या जन्मीचा मुलगा आहे, आजी. स्थूल डोळ्यांना दिसायचा नाही."

"मागच्या जन्मीचा नाही," मी म्हटलं. "गुरुवारचा आहे. गुरुवारी गाडीत मी त्याला जन्माला घातला आणि गाडीतच मारला. तुमच्या शांतामाई समोर झोपल्या होत्या."

तेवढ्यात ऊनाबाई दारातून आली. तिच्या हातात ते तपकिरी बूट होते, आणि ते तिनं तातामीवर, शांतामाईच्या पुढ्यात ठेवले. जपानी माणसाच्या चटईवर बूट ठेवणं हा केवढा अपमान, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. शांतामाईचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत तिच्याजवळ गेल्या आणि मराठीत म्हणाल्या, "पोरी, मराठी येतं का गं तुला?"

मग मौनी माता मान खाली घालून स्वच्छ मराठीत म्हणाली, "येतं, आजी."

लोक उठले, ओरडाआरडा झाला, महाराज मागच्या दारानं अनवाणी पळाले. अनुराधा मात्र जागची हलली नाही. ती रिकाम्या चादरीकडे बघत होती.

"मग टॉवेल?" ती म्हणाली.

"टॉवेलचं आम्हीच बोललो होतो गं, गाडीत," शमा कशीबशी म्हणाली.

"मग नंदू कुठे आहे?"

ऊनाबाईला मराठी येत नव्हतं, पण अनुराधानं काय विचारलं ते तिनं ओळखलं. ती अनुराधासमोर बसली आणि सोप्या इंग्रजीत म्हणाली, "तो मेला. तो ऐकत नाही, बोलत नाही, परत येत नाही. पोटात जे आहे ते अजून जिवंत आहे. ऊठ, दवाखान्यात जाऊ."

अनुराधानं माझ्याकडे पाहिलं. "कपाटानं मारला तेव्हा निदान तो नंतर बोलत तरी होता," ती म्हणाली. "तू तर बोलताही ठेवला नाहीस."

ती दवाखान्यात आली नाही. उदयनं हातापाया पडून घरी नेली. संध्याकाळी तिला झटके आले, तेव्हा रुग्णवाहिका आली. अनुराधा वाचली, बाळ वाचलं नाही. मुलगी होती. डॉक्टर नम्रपणे वाकून म्हणाले की गोळ्या चालू असत्या तर बहुधा दोघी वाचल्या असत्या. उदयनं मला ते भाषांतर करून सांगितलं, आणि मग पुन्हा एकदा सांगितलं, मला कळलं नसावं असं समजून.

नंतर जो तो सांगत सुटला, आम्हाला आधीपासूनच शंका होती. क्योतोच्या पीएच.डी.वाल्यांना तर पहिल्याच दिवशी आली होती म्हणे. इतक्या शंका एका सभागृहात गप्प बसल्या होत्या आणि एक बाई गोळ्या टाकत होती.

पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या जमलो. अनुराधाही आली, त्यानंतर पहिल्यांदाच. स्वरूपा सांगत होती, कावासाकीला एक गृहस्थ आलेत, नुसत्या स्पर्शानं दमा घालवतात. "ते महाराजांसारखे नाहीत हं," ती घाईनं म्हणाली. "हे शिकलेले आहेत. पैसे घेत नाहीत. आणि त्यांचं सगळं शास्त्रीय आहे."

बायका पुढे सरकल्या. कोणी पत्ता विचारला, कोणी फोन नंबर. मी तोंड उघडणार तोच अनुराधा बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"औषध बंद करायला सांगतो का?"

स्वरूपा मग हळूच म्हणाली, "हो. पंप बंद करायला सांगतात. पण हळूहळू."

"मग तो खुनी आहे," अनुराधा म्हणाली, आणि तिळगूळ घेऊन उठली.

मला भाषण करता येत नाही, आणि देव आहे की नाही हे तुमचं तुम्ही बघा. पण कोणी तुमच्या मेलेल्याला बोलकं करून तुमच्या जिवंताचं औषध काढून घेत असेल, तर हात जोडायच्या आधी अनुराधानं विचारला तो प्रश्न विचारा. मोठ्यानं विचारा, सगळ्यांना कळेल अशा भाषेत विचारा. ती तो विचारायला शिकली तेव्हा तिच्या घरात वाचवायला कोणी उरलं नव्हतं.