नंदकुमारांनी बंद पाडलेला नाताळ

नंदकुमार साठे निवृत्त झाले आणि त्यांना मूळ शोधण्याचा आजार जडला. आजारच तो, दुसरा शब्द नाही. विमा कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाव्यांच्या मुळाशी जाणारा माणूस. घरी बसल्यावर जाणार कुठे? मग मोबाइलवर तासतासभर कुणाकुणाची व्याख्यानं ऐकायची आणि संध्याकाळी कुणीतरी गाठून त्याच्यावर ती ओतायची. भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी वऱ्हाडी मंडळींना बटाटेवडा खाताखाता सांगितलं, की यातला बटाटाही परका आणि मिरचीही परकी, आपलं आहे ते फक्त बेसन. मुलीकडचे काका बराच वेळ हातातल्या वड्याकडे संशयाने बघत राहिले.

मुंबईत मरोळच्या गावठाणाला लागून त्यांची सोसायटी. तिथे सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते सोसायला घेतलं होतं. सर्वांत जास्त सोसलं होतं पहिल्या मजल्यावरच्या पास्कलने. पास्कल मिरांडा हा मरोळचाच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. ही इमारत उभी आहे ती त्याच्या बापजाद्यांच्या घराच्या जागेवर. नंदकुमार तिसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हापासून दोघांची दोस्ती. नंदकुमारांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा आत त्यांच्या पत्नी पद्मजावहिनी बसल्या होत्या आणि बाहेरच्या बाकावर पास्कल, हातात जपमाळ घेऊन. शुद्धीवर आल्यावर नंदकुमारांनी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती जपमाळेचं मूळ. पास्कल म्हणाला, "चला, जगला."

या दोन घरांमध्ये एक ताट फिरायचं. पद्मजावहिनींच्या माहेरचं, कडेला त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. दिवाळीत ते फराळ घेऊन खाली जायचं. रिकामं ताट परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा कायदा. म्हणून ते पास्कलच्या बायकोकडे, मोनिकाकडे, राहायचं आणि नाताळात वर यायचं, तळलेल्या गोड कुलकुल आणि नेवऱ्यांनी भरून. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी, फक्त चर्चमध्ये जाणाऱ्या. नंदकुमारांचा जीव त्या नेवऱ्यांत. वर्षभर पथ्य सांभाळणारा हा माणूस त्या दिवशी ताट मांडीवर घेऊन बसायचा आणि घरात कुणाला हात लावू द्यायचा नाही.

यंदा मात्र घोळ झाला.

सोसायटीत दर डिसेंबरात मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होतो आणि पास्कल लाल कपडे घालून, दाढी लावून खाऊ वाटतो. यंदा तो नको म्हणाला. गुडघे दुखतात, असं कारण दिलं. सेक्रेटरी यज्ञेश बिचारा तरुण पोरगा, नुकताच निवडून आलेला. त्याला प्रश्न पडला, की केक येईपर्यंत लोकांना बसवून ठेवायचं कसं. त्याने नंदकुमारांना विचारलं, "काका, नाताळवर दोन शब्द बोलाल का?" दोन शब्द! तहानलेल्याला पाणी पिणार का म्हणून विचारण्यातलाच प्रकार.

नंदकुमार इस्त्रीचा झब्बा घालून उभे राहिले आणि सुटले. पंचवीस डिसेंबर ही येशूच्या जन्माची तारीख म्हणून बायबलात कुठेही नाही. रोममध्ये त्या सुमाराला सूर्याचा उत्सव व्हायचा, दिवस मोठा व्हायला लागतो म्हणून. भेटवस्तू द्यायच्या त्या तिथल्याच शनीच्या जत्रेतल्या. हिरव्या फांद्या घरात आणायच्या त्या उत्तरेकडच्या, झाडं पुजणाऱ्या लोकांच्या. "आपली संक्रांतसुद्धा सूर्याचीच, लक्षात घ्या!" केक आला, तो टेबलावर ठेवला गेला, मुलं केकाकडे आणि केक मुलांकडे बघत राहिला, तरी नंदकुमार रोममधून हलेनात. शेवटी दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "तेव्हा मित्रहो, नाताळ हा मुळात नाताळ नाहीच!"

टाळ्या पडल्या त्या संपलं म्हणून. पण नंदकुमारांची नजर शेवटच्या रांगेत गेली. तिथे पास्कल बसला होता, मित्र बोलणार म्हणून आलेला. आता त्याची खुर्ची रिकामी होती.

"पास्कल कुठे गेला?" त्यांनी पद्मजावहिनींना विचारलं.

"उठला मघाशीच. तुम्ही शनीपाशी होतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पास्कल गेटजवळच्या बाकावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नंदकुमार एकटेच बसून राहिले, आणि तिथून त्यांना दिसली पहिल्या मजल्यावरची खिडकी. दरवर्षी डिसेंबर लागला की पास्कल तिथे कागदाचा मोठा तारा लावतो, आत दिवा सोडून. यंदा तारा नव्हता. जिन्यातून जाताना तळणाचा वास यायचा, तोही नव्हता. चोवीस तारीख उजाडायची वेळ आली तरी दारात येशूच्या जन्माचा गोठा मांडलेला नाही, झाड नाही, काही नाही.

हे सगळं आपल्या भाषणामुळे! भर सभेत आपण मित्राच्या सणाची सालं काढली आणि त्या भल्या माणसाने मुकाट्याने नाताळच बंद केला. त्यांना खरोखर वाईट वाटलं, रात्री झोप लागेना. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडीशी गुदगुलीही होती. एका भाषणाने माणूस दोन हजार वर्षांचा सण सोडतो, म्हणजे भाषण काय ताकदीचं झालं असेल! ही गुदगुली जाणवली की त्यांना स्वतःची लाज वाटायची आणि ते कूस बदलायचे.

"पद्मा, मी जरा जास्तच बोललो का गं?"

"कधी?" वहिनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाल्या. "तसं तुम्ही बरंच जास्त बोलता. नेमकं सांगा."

"नाताळवर. पास्कलने सगळं बंद केलंय. तारासुद्धा लावला नाही."

वहिनींनी वर्तमानपत्र खाली केलं, नवऱ्याकडे चांगलं निरखून पाहिलं आणि पुन्हा वर घेतलं. "तुमच्या बोलण्याने कुणी काही सोडत असतं ना, तर मी केव्हाच चहा सोडला असता. चहाचं मूळ किती वेळा सांगितलंत?"

"मग ताट का नाही आलं?"

"तुम्हीच शोधा की. तुम्हाला मुळं सापडतात."

नंदकुमार दुखावले. मित्र गेला, नेवऱ्या गेल्या आणि बायकोला चेष्टा सुचते आहे. इतक्या वर्षांची सोबत त्यांनी स्वतःच्या जिभेने घालवली होती. म्हातारपणी नवा पास्कल कुठून आणायचा? नवीन माणसं भेटतात, पण त्यांना आपली शस्त्रक्रिया आठवत नसते.

चोवीसला सकाळी स्वयंपाकघरात कढई चढली. वहिनी करंज्या तळत होत्या, डिसेंबरात! नंदकुमारांनी दारातून पाहिलं. बायको वरून चेष्टा करते, पण आतून आपली इभ्रत वाचवायला निघाली आहे, असं त्यांना वाटलं. वहिनींनी स्टीलच्या मोठ्या डब्यात करंज्या भरल्या, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"खाली देऊन या."

"मी? तूही चल ना."

"तुम्हीच जा. आणि जिभेला जरा विश्रांती."

दोन मजले उतरताना त्यांनी माफीचं भाषण तयार केलं. तेही लांबलचकच झालं. त्यात रोम एकदा डोकावलं, ते त्यांनी निग्रहाने बाहेर काढलं. बेल वाजवली. दार पास्कलनेच उघडलं.

"नंदू! ये रं, ये. त्या कार्यक्रमानंतर गोराईला गेलो होतो, आज सकाळीच आलो."

"पास्कल," नंदकुमार उंबऱ्यातच सुरू झाले, "मी त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल मला अत्यंत खेद वाटतो. सण हा श्रद्धेचा विषय असतो. त्याची तारीख, त्याचं मूळ..."

"आत तर ये. करंज्या गार होतील."

"नाही, आधी ऐक. माझ्यामुळे तू नाताळ बंद केलास. माझं भाषण ऐकून तू उठून गेलास, तुझी रिकामी खुर्ची मी पाहिली."

पास्कलने त्यांच्याकडे पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "मोनिका, इकडे ये गं! नंदूने आपला नाताळ बंद पाडला!" आणि तो असा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अरे बाबा, तुझं ते सूर्याचं, शनीचं, झाडाचं, ते सगळं आमच्या फादरनी गेल्याच वर्षी चर्चमध्ये मिस्सेत सांगितलं. त्यांनी पाच मिनटांत आटोपलं. तू एवढा लांबवलास की मला बाथरूमला जावं लागलं. या वयात शनीपर्यंत दम निघत नाही यार."

नंदकुमारांच्या हातातला डबा जड झाला. आपलं एवढं संशोधन चर्चमध्ये पाच मिनिटांत आटोपलेलं आहे, हे पचवणं त्यांना माफी मागण्यापेक्षा अवघड गेलं.

"मग तारा? नेवऱ्या? गोठा?"

पास्कल हसायचा थांबला. त्याने नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे छोट्या टेबलावर एका बाईचा फोटो होता, समोर मेणबत्ती. रोझीबाय. पास्कलची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच याला वाढवलं. ती यंदाच्या पावसाळ्यात गेली. नंदकुमार स्वतः होडीतून गोराईला गेले होते मातीला, भिजत उभे राहिले होते. आणि घरी येऊन त्यांनी आपल्या हिशेबाने तो विषय मिटवून टाकला होता: बहीण दिल्या घरची, तीन दिवसांचं सुतक, संपलं.

"वर्ष व्हायचंय ना अजून," मोनिका हळूच म्हणाली. "वर्षभर घरात तळण नाही, तारा नाही. मी वहिनींना दिवाळीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्यात पण असंच असतं. ज्यांच्या घरी दुःख असतं त्यांनी कढई ठेवायची नाही, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं."

दिवाळीत. नंदकुमारांना अंधूक आठवलं. बायको काहीतरी सांगत होती खरी, पण तेव्हा ते मोबाइलवर पणतीचं मूळ ऐकत होते.

त्यांना फार म्हणजे फारच लाज वाटली. रोममध्ये कोणत्या महिन्यात कोण काय करायचं ते सगळं पाठ, आणि दोन मजले खाली कुणाचं काय गेलं त्याचा पत्ता नाही. ते फोटोसमोर गेले, हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

"बाय असती ना, तर तुझं भाषण पुरं ऐकलं असतं तिने," तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "आणि मग विचारलं असतं, सण रोमचा असू दे नाहीतर गोराईचा, नेवऱ्या तळायला रोमवरून कोण येतंय का?"

मोनिकाने करंज्या काढून घेतल्या. पास्कलने एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि मग एक डोळा उघडून हळूच विचारलं, "नंदू, हे दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी आणून द्यायचं, हे मूळचं कुणाचं रं? तुमचं का आमचं?"

कधी नव्हे ते नंदकुमारांनी नुसती मान हलवली. मोनिकाने आश्चर्याने त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, बरं नाही की काय म्हणून.

निघताना दिवाळीचं ताट परत द्यायची वेळ आली आणि पास्कल अडला. घरात गोडधोड काही नाही, आणि रिकामं ताट द्यायचं नाही. नंदकुमार म्हणाले, "यंदा रिकामं चालेल." पास्कलने ऐकलं नाही. तो आतल्या खोलीत गेला, माळ्यावरून काहीतरी ओढून काढल्याचा आवाज झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदाचा तारा होता, घडी घातलेला. दरवर्षी खिडकीत लागणारा.

"माझ्या घरात यंदा नको," तारा ताटात ठेवत तो म्हणाला. "तुझ्या खिडकीत लाव. बाकावर बसलो की मला दिसेल."

नंदकुमार ताट दोन्ही हातांनी धरून जिना चढले. वहिनींनी दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता स्टूल आणून दिलं.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर तारा लागला. नंदकुमार वायर बांधत होते तेव्हा खालून यज्ञेशची हाक आली. तो गेटपाशी उभा राहून वर बघत होता, आणि शेजारच्या बाकावर पास्कल आणि मोनिका.

"काय काका!" यज्ञेश हसत ओरडला. "हा तारा मूळचा कुणाचा? होऊन जाऊ दे!"

पास्कलने सवयीने बाकावर जरा ऐसपैस मांडी घातली, आता वेळ लागणार म्हणून. पद्मजावहिनी स्टूल धरून होत्या, त्यांनीही हातपालट केला. नंदकुमारांनी खिडकीतून बाहेर वाकून, सगळ्या कंपाउंडला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"पास्कलचा."