घट्ट लावलेलं झाकण

होडीचं इंजिन दहा मिनिटं सुरळीत चालायचं आणि मग खोकून बंद पडायचं. थोरल्यानं ते खांद्यावरून घरी आणलं, परसातल्या पाण्यानं भरलेल्या पिंपाला अडकवलं आणि बाह्या सरसावल्या. मेकॅनिककडे न्यायची त्याला लाज वाटत होती. तीन महिन्यांपूर्वी हेच इंजिन पहिल्यांदा बंद पडलं, तेव्हा धक्क्यावर चारचौघांत तो धाकट्या भावाला बोलून बसला होता, की कार्बोरेटर साफ करतो म्हणालास आणि वाटोळं केलंस, तुझ्या हाताला यश म्हणून नाही. धाकट्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. घराची पायरी काही तो पुन्हा चढला नाही.

थोरल्यानं प्लग बदलला. कार्बोरेटर खोलला, तर आत कुठं कचऱ्याचा कण नाही. मनात पाल चुकचुकली. सगळं जोडून त्यानं दोरी ओढली. दहाव्या मिनिटाला इंजिन आचके देऊ लागलं, तेव्हा पेट्रोलच्या नळीवरच्या रबरी फुग्याकडे त्याचं लक्ष गेलं. फुगा उपाशी पोटासारखा आत ओढला गेला होता. त्यानं टाकीचं झाकण सैल केलं. फस्सकन हवा आत शिरली आणि फुगा फुलला.

झाकणावर हवेसाठी एक बारका स्क्रू असतो. टाकी नेता-आणताना तो आवळायचा, इंजिन चालू करताना सैल करायचा. ते काम धाकटा न सांगता करायचा. इंजिन पहिल्यांदा बंद पडलं त्या दिवशी सकाळी थोरल्याला तो सैल दिसला आणि पेट्रोल उडून जाईल म्हणून त्यानंच पिळून बसवला. तेव्हापासून इंजिन बंद पडलं, की झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते बघायचं आणि पुन्हा गच्च लावायचं, हाच त्याचा उद्योग. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

“झालं दुरुस्त?” बायकोनं दारातून विचारलं.

“बिघडलंच नव्हतं,” तो म्हणाला, आणि तसाच कारखान्याकडे निघाला.

धाकटा आकड्यानं बर्फाची लादी ओढत होता. थोरल्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

“मला त्याच दिवशी दिसलं होतं, दादा.”

“मग बोलला का नाहीस?”

“चारचौघांत तुला खोटं पाडू?”

उद्या धक्क्यावर चल, त्याच माणसांसमोर मी चूक कबूल करतो, असं थोरला अजिजीनं म्हणाला.

“ती माणसं केव्हाच विसरली रे,” धाकटा म्हणाला. “माझ्याच मनातून जात नाही. वहिनीला म्हणावं, कधीतरी येईन.”

कधी, ते त्यानं सांगितलं नाही, आणि थोरल्याला विचारायचा धीर झाला नाही. आतून कुणीतरी हाक मारली. धाकट्यानं लादीत आकडा रुतवला आणि पाठ फिरवली.