दुदूबंदी

आमच्या घरात पाच आठवडे एका शब्दाला बंदी होती. तो उच्चारायचा नाही, कुजबुजायचा नाही, आणि मुलीने उच्चारला तर मी मुकाट्याने त्या खोलीतून उठून जायचं. शब्द होता ‘दुदू’. ही बंदी माझ्या नवऱ्याने जाहीर केली, सासूबाईंनी राबवली आणि मी पाळली. तिघांत सगळ्यात मूर्ख मीच, कारण पाळणारी मी होते.

मी बस चालवते. बाळंतपणाची रजा संपल्यावर मला दुपारची पाळी मिळाली होती आणि त्या पाळीशी माझं नि मुलीचं छान जमलं होतं. सकाळी उठल्या उठल्या एकदा, दहाला झोपताना एकदा, मी कामावर निघण्याआधी एकदा आणि संध्याकाळी परतल्यावर, झोपवताना एकदा. मुलगी वर्षाची झाली आणि त्याच आठवड्यात डेपोच्या फलकावर नवं वेळापत्रक लागलं. माझी दुपारची फेरी रद्द. पाच आठवड्यांनी, एक तारखेपासून, सकाळची पहिली बस माझी. सुटायची वेळ पाच दहा. म्हणजे मुलीने डोळे उघडायच्या आत मी घराबाहेर, आणि तिचा दिवस तर माझ्या कुशीतच उगवायचा.

“वर्षाची झालीच की आता,” सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण आतून मला ते मुळीच पटलं नव्हतं, कारण हे दूध आम्हाला सुखासुखी मिळालेलं नव्हतं.

पहिले दोन महिने माझ्या नाकी नऊ आले होते. बाळ जन्मलं की आपोआप प्यायला लागतं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना एकदा माझ्या बसमध्ये गर्दीच्या वेळी उभं राहून शेवटच्या थांब्यापर्यंत न्यायला हवं. माझी मुलगी नुसतं टोक पकडायची, कातडी सोलवटायची, आणि मी उशीचा कोपरा दातांत धरून बसायचे. दहाव्या दिवशी तिचं वजन घटलेलं निघालं. डावीकडे दगडासारखी गाठ झाली, अंगात ताप भरला, डॉक्टरांचं औषध घ्यावं लागलं. पाजायची वेळ आली की मला रडू यायचं आणि माझं बघून तीही सूर लावायची. शेवटी दवाखान्यातून एक नर्सबाई घरी आल्या. त्यांनी माझ्या पाठीमागे दोन उशा कोंबल्या आणि विचारलं, “तुम्ही काय करता?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग सोपं आहे. स्टॉप उठून बसकडे जातो का? नाही ना? तुम्ही ताठ बसायचं आणि बाळाला छातीकडे आणायचं. वाकून वाकून कुठे जाताय तिच्याकडे?” तोवर ऐकलेल्या शंभर सल्ल्यांपैकी हा एक मला कळला. त्या दिवशी मुलगी पहिल्यांदा गटागटा प्यायली आणि माझा जीव भांड्यात पडला.

कोणत्या बाजूने पाजलं हे लक्षात राहायचं नाही, म्हणून मी कॉलरला केसांचा लाल चाप लावू लागले. पुढची वेळ डावीकडची असेल तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने चापाला ‘इंडिकेटर’ नाव दिलं. माझ्या बसचे कंडक्टरकाका बिचारे तीन आठवडे तो चाप न्याहाळत होते. शेवटी एकदा म्हणाले, “ताई, राग नका मानू. चाप डावीकडे असला की आपण वेळेवर पोचतो. उजवीकडे असला की हटकून उशीर. रोज डावीकडेच लावा ना.” मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसले. “काका, ते माझ्या हातात नाही,” म्हटलं.

मुलीचं घरातलं नाव बटण. नाक बटणाएवढं आणि हात कायम माझ्या गणवेशाच्या बटणावर. वर्षाची झाली तेव्हा तिच्याकडे एकूण पाच शब्द होते. बाबाला ‘बाबा’, आजीला ‘जीजी’, पंख्याला ‘पंपं’, नको असलेल्या कोणालाही हाकलायला ‘जा’, आणि दुदू. मला शब्द नव्हता. मी रोज छातीवर हात ठेवून शिकवायचे, “आ-ई. म्हण, आई.” ती माझ्याकडे बोट करायची आणि खणखणीत सांगायची, “दुदू!” नवरा पोट धरून हसायचा. मीही हसायचे, पण मला ते लागायचं.

तर वेळापत्रक लागलं त्याच संध्याकाळी नवऱ्याने फ्रिजवर एक कागद चिकटवला. आधी दुपारचं बंद. मग दहाचं. मग रात्री झोपतानाचं. सगळ्यात शेवटी सकाळचं. प्रत्येकाला आठवडा-सव्वा आठवडा. मला वाटलं होतं सासूबाई नाक मुरडतील. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “बरोबर आहे. हळूहळूच तोडा. मी याला एका फटक्यात तोडलं होतं. बहिणीकडे जाऊन राहिले चार दिवस. परत आले तर हा माझ्याकडे बघेना.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, महिनाभर माझ्या मांडीवर बसला नाही. नंतर विसरला तो. मी नाही विसरले.” एवढं बोलून त्या कणीक मळायला लागल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी पिवळ्या कपात दूध ओतलं आणि लाडात म्हणाल्या, “हे बघ, दुदू!” बटणने कपाकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. आजीने टेबलाला घोडा म्हटलं असतं तर तिने असंच पाहिलं असतं. मग तिने हात मारला आणि दूध आजीच्या मांडीवर. नवऱ्याने यावरून निष्कर्ष काढला. “शब्द निघतो म्हणून आठवण निघते. शब्दच नको. आणि ती म्हणाली की तू समोर थांबायचं नाहीस. तू गेलीस की आई कप देईल.” बिघाड शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत आहे. मलाही त्या दिवशी ते पटलं.

आणि गंमत म्हणजे योजना चालली! तिसऱ्या आठवड्यात बटण कपाने प्यायला लागली. त्याला ‘पक’ असं नावही ठेवलं. सासूबाईंनी हे शेजारच्या चार घरांत सांगितलं. माझं अंग मात्र ऐकायला तयार नव्हतं. पाजायची वेळ झाली की छाती भरून यायची. घरी मी गार पाण्यात भिजवलेला रुमाल लावायचे, कामावर असले की डेपोच्या बाथरूममध्ये जाऊन बरं वाटण्यापुरतं थोडं काढून टाकायचे, जास्त नाही. एकदा मागच्या दाराशी कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझा शर्ट भिजला. भर उन्हात मी काळं जाकीट चढवून उरलेली फेरी केली. कंडक्टरकाकांनी विचारलं, “थंडी वाजतेय?” मी हो म्हटलं.

पण खरा त्रास घरात होता. बटण आरडाओरडा करत नव्हती. तिने रडून गोंधळ घातला असता तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त या खोलीतून त्या खोलीत डुलत डुलत जायची आणि विचारायची, “दुदू? दुदू?” आणि मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे श्वास रोखून उभी. नाहीतर वॉशिंग मशीनच्या आड. मागून सासूबाईंचा आवाज यायचा, “ये माझी बाई ती, हे बघ पक.” मग घोट घोट पिण्याचा आवाज. मी चादरीमागे रडले आहे, एकदा नाही, चार-पाच वेळा. मला दुधाचा हेवा वाटायचा, माझ्याच दुधाचा. तिला हवं ते दूध, मी आपली त्याची पिशवी! ते संपलं की बाबा बाबाच राहणार, जीजी जीजीच राहणार. आणि मी? पहाटे जाणारी आणि दुपारी दमून येणारी कोणी एक बाई. हे मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, “असं काही नसतं गं.” मग त्याने फ्रिजवरच्या कागदावर त्या दिवसाची फुली मारली.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. शेवटची सकाळ. मी मनाशी ठरवलं होतं की सावकाश पाजायचं, तिचे केस कुरवाळायचे, सगळं लक्षात ठेवायचं. बटण तीन मिनिटं प्यायली, तोंड सोडून इकडेतिकडे पाहिलं, वर पंखा दिसला. “पंपं,” म्हणाली. मी तिला पुन्हा जवळ घेतलं तर तिने माझ्या गालावर हात ठेवून मला मागे ढकललं. “जा.” आणि पलंगावरून पाय सोडत उतरून गेली. मी उघड्या बटणांनिशी बसून राहिले. मग चाप काढला आणि खणात टाकला.

एक तारखेला मी पाच दहाला बस काढली. कंडक्टरकाकांचीही पाळी माझ्याबरोबरच बदलली होती. सासूबाईंना बजावून ठेवलं होतं की बाजाराच्या थांब्यावर तिला अजिबात आणू नका, मला बघितलं की आठवण निघेल. तो थांबा आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिथे वेळ जुळवायला बस सहा मिनिटं थांबते. आठ पाचला मी तिथे ब्रेक लावला आणि समोर पाहिलं, तर फुटपाथवर सासूबाई, एका खांद्यावर पिशवी आणि कडेवर बटण.

बटणने काचेतून मला पाहिलं. हात लांबवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, “दुदू!”

पाच आठवड्यांची सवय. मी काय करावं? मी सीटवरून खाली सरकले आणि स्टिअरिंगच्या मागे लपले. पन्नास माणसांची बस चालवणारी बाई!

कंडक्टरकाका धावत पुढे आले. “काय झालं ताई? काय पडलं?”

“काही नाही. लपलेय.”

“कोणापासून?”

“मुलीपासून. ती दूध मागतेय.”

काकांनी बाहेर पाहिलं, मग खाली माझ्याकडे पाहिलं. “दुधाचा कप तर आजींच्या हातात आहे. तिकडे बघतही नाहीये ती. बोट सरळ तुमच्याकडे आहे. अहो, लेक हाक मारतेय तुम्हाला, आणि तुम्ही खाली काय बसलाय?”

हाक. मी तशीच खाली बसून तो शब्द ऐकला. मग उठले, दार उघडलं आणि उतरले.

सासूबाई आधीच काकुळतीला आल्या होत्या. “अगं, पोटभर प्यायलीय ती, दोन कप! पण सकाळपासून घरभर शोधतेय. चादरीमागे बघितलं, मशीनमागे बघितलं. माझ्याने बघवेना म्हणून आणलं. आता परत तेच मागायला लागली तर काय करायचं?”

मी बटणला घेतलं. माझे खांदे ताठ झाले होते, आता तिचा हात बटणाकडे जाणार म्हणून. तो गेला नाही. तिने दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, “दुदू.” प्रश्न नव्हता तो. मग तिने आजीच्या हातातल्या कपाकडे बोट दाखवून सांगितलं, “पक.” तो घेतला, एक घोट प्यायली, आणि कप माझ्या तोंडाला लावला. “दुदू, पक.”

दूध म्हणजे पक. दुदू म्हणजे मी. पहिल्या दिवसापासून मीच होते. आम्ही तिघं शहाणे, दुदू म्हणजे दूध हे आम्हाला पाठ. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. छातीवर हात ठेवून मी रोज विचारायचे आणि ती रोज बरोबर उत्तर द्यायची. आणि गेले पाच आठवडे ती मला हाक मारत होती, आणि दर हाकेला मी उठून दुसऱ्या खोलीत जात होते.

मी तिथेच, भर रस्त्यात, गणवेशात रडले. सासूबाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “मी तिच्या तोंडाला कप लावत बसले गं,” त्या म्हणाल्या. “पोर आई मागतेय आणि मी कप देतेय.”

“आई, मीही तेच करत होते,” मी म्हटलं.

कंडक्टरकाकांनी घंटी वाजवली. सहा मिनिटांची आठ झाली होती. मी बटणला सासूबाईंच्या कडेवर दिलं, बसमध्ये चढले, सीट पुढे ओढली. काका म्हणाले, “चाप नाही ना आज, म्हणून उशीर.” मी गिअर टाकला. बाहेर बटण कप हातात धरून हसत होती आणि मोठ्याने म्हणाली, “दुदू!”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तितक्याच मोठ्याने म्हणाले, “ओ!”