फोटोची डावी कड

कोरियातल्या सोल शहरातल्या आमच्या ऑफिसात बाराच्या ठोक्याला सगळी टीम एकत्र जेवायला निघते. मी सोडून. मी कॅमेरा उचलतो.

"क्वाकसाहेब, आज तरी चला ना," टीममधली सगळ्यात धाकटी दाहिन म्हणायची.

"तुम्ही गिळा. ऊन कुणासाठी थांबत नाही."

"फोटो खाऊनच पोट भरत असेल यांचं!" आमचे टीमप्रमुख योम हसायचे.

खरं सांगतो, मला त्यांची बडबड सहन होत नाही. त्यापेक्षा चौकातली अनोळखी माणसं बरी. वाइड अँगल लेन्स लावली की माणसाच्या हातभर जवळ जावं लागतं, पण बोलावं लागत नाही.

आज कॅमेऱ्याची बॅटरी संपली, म्हणून जेवणाच्या सुट्टीत जागेवरच बसून कॉम्प्युटरवर वर्षभराचे फोटो चाळले. इतके दिवस मी फक्त मधली माणसं बघायचो. आज पहिल्यांदाच नजर डाव्या कडेला गेली. या लेन्समध्ये नको तेही येतं. तिथं चौकातल्या सूपवाल्या हॉटेलची काच होती आणि काचेआड आमची टीम. माणसं चार. दाहिन टेबलावर चमचे मांडत होती, ते मात्र पाच. पाचवी खुर्ची रिकामी, रस्त्याकडे तोंड करून.

मार्चमध्ये पाच चमचे. मेमध्ये पाच. ऑगस्टमध्येही पाचच.

मग कालचा फोटो उघडला. चमचे चार होते. पाचव्या खुर्चीवर सगळ्यांचे कोट टाकले होते.