एकुलता नमुना

बायकोला रानात सापडलेला मारेकरी ढेकूण, इतर किड्यांना सोंड खुपसून मारणारा, त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सोंड ओळखीचीच वाकडी होती, पण पुढच्या पायांवरचे काटे संग्रहालयातल्या एकाही नमुन्याशी जुळेनात.

"जात नवी दिसते," संग्रहालयाचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "पण एकावर भागायचं नाही. अजून एखादा आण."

बायको दवाखान्यात अंथरुणाला खिळलेली. तिने सांगितलेल्या जागी तो गेला, तर तिथे झाडांचे नुसते बुंधे उरले होते.

"मिळाला?" तिने विचारलं.

"रानच तोडलंय गं."

"मग त्या एकाचंच लिहा. बिननावाचा गेला, असं नको व्हायला."

तिच्या उशाशी बसून त्याने वर्णन लिहायला घेतलं. पंखांपर्यंत आला आणि ती गेली. पुढचं त्याला कितीतरी दिवस लिहवलं नाही.