दारातली फुंकणी

मी फुंकणी बोलतेय. चुलीपुढची नव्हे, ती निदान कामाची तरी असते. मी मुठीत मावणारं, काळ्या प्लास्टिकचं एक मशीन. माझ्यात कोणी फुंकलं की त्याने दारू घेतलीये की नाही ते मी सांगते. म्हणजे, तसं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. खोक्यावरच्या सगळ्याच गोष्टींवर माझा स्वतःचा विश्वास नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती डोंबिवली पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची आणि कात्रीने पाकीट फोडणाऱ्या प्राचीची. प्राची कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझ्यासोबत आलेला कागद दोनदा वाचला. हिरवा दिवा लागला आणि शून्य दिसलं तर ठीक. लाल दिवा लागला आणि मी ओरडले तर ठीक नाही. ‘खाल्ल्यानंतर पंधरा मिनिटे थांबून फुंकावे’ या ओळीखाली तिने पेनने रेघ मारली. ही ओळ तुम्ही लक्षात ठेवा, कारण प्राची ती विसरणार आहे.

दाराजवळ चाव्या अडकवायचा खिळा होता. बाइकची चावी तिथून कधीच काढून तिने आपल्या पर्समध्ये टाकली होती. त्या रिकाम्या खिळ्यावर तिने मला लाल दोऱ्याने अडकवलं.

मला का आणलं, ते मला घरातल्या बोलण्यातून हळूहळू कळलं. प्राचीचा नवरा विनीत. सहारच्या विमानतळावर मालाची विमानं भरली जातात, तिथे तो कामाला. त्याला लहानपणापासून विमान चालवायचं होतं. त्यासाठीच्या लेखी परीक्षा त्याने लग्नाआधीच पास केल्या होत्या. पुढे प्रत्यक्ष उडायला शिकायचं राहिलं, आणि राहिलेल्या त्या गोष्टीचं दुःख तो शनिवारी-रविवारी पिऊन घालवायला लागला. मग बुधवारीही.

पहिल्यांदा तो शीळफाट्याला पकडला गेला, मित्राच्या हळदीवरून परत येताना. दुसऱ्यांदा कल्याणमध्ये. तेव्हा त्यांची मुलगी, शिवानी, काही महिन्यांची होती. घरातली दुधाची पावडर संपली म्हणून प्राचीने त्याला पाठवलं होतं. वाटेत मित्र भेटले. पावडरचा डबा घरी आला तो दुसऱ्या दिवशी, पोलीस चौकीवरून. तोवर मुलीने शेजारच्या घरातलं पातळ केलेलं गाईचं दूध पिऊन घेतलं होतं आणि प्राचीने रडून घेतलं होतं.

दोन्ही वेळा विनीत पोलिसांना एकच वाक्य म्हणाला होता, “मी घेतली नाही, साहेब.” दोन्ही वेळा पोलिसांच्या मशीनने त्याला खोटं पाडलं. ती माझी मोठी बहीण म्हणा, खाकी घराण्यात दिलेली. कोर्टात दोन्हीदा गुन्हा शाबित झाला, दंड झाला, लायसन काही महिने गेलं. त्यानंतर मी आले.

नियम साधा होता. कामावरून आला की दारात आधी फुंकायचं, मग बूट काढायचे, मग मुलीला घ्यायचं. मला वाटलं होतं, पहिल्या आठवड्यातच हा माणूस मला खिडकीतून फेकणार. पण त्याने फेकलं नाही. रोज संध्याकाळी तो खाली वाकायचा, लांब फुंकायचा, माझ्याकडे न बघता प्राचीकडे बघायचा. मी शून्य दाखवायचे. ती म्हणायची, “शून्य. ये.” या घरात शून्य मिळाल्यावर माणूस खूश होतो, हे पाहून मला गंमत वाटायची. शाळेत तिची मुलं रडत असतील.

शेजारच्या कलावतीकाकूंनी विचारलं तेव्हा प्राचीने सांगून टाकलं, दम्याचं मशीन आहे. पुढे कितीतरी दिवस काकू विनीतसाठी अडुळशाचा काढा आणून देत होत्या आणि तो बिचारा त्यांच्यासमोर मधूनमधून खोकायचा.

शिवानी बोलायच्याही आधी फुंकायला शिकली. बाबांनंतर तिची पाळी असायची. तिच्यासाठी मला खाली धरावं लागे. मग ती तेच पोळीवर करायची, बाहुलीवर करायची. बाहुलीला ती सांगायची, “शून्य. ये.”

अशी दोन वर्षं गेली. मला लाल व्हायचं कसं तेच मी विसरले होते. खरं सांगायचं तर मला धाकधूकही वाटायची. माझ्यातलं काहीतरी बिघडलं असेल आणि मी नुसतंच शून्य-शून्य करत असेन तर? या बाईने सगळा संसार माझ्यासारख्या स्वस्तातल्या मशीनवर टांगलाय आणि मला स्वतःचीच खात्री नाही.

मग एका रविवारी विनीत म्हणाला की त्याला परत उडायचं आहे. पैशांची जुळवाजुळव कशी झाली तो वेगळा विषय. अडचण होती मेडिकलची. विमान चालवणाऱ्याची डॉक्टरी तपासणी कडक असते, आणि तिथे दारूबद्दल विचारतात, पोलीस केसबद्दलही विचारतात.

त्याचा जुना मित्र मितेश ठाण्याहून फोनवर म्हणाला, “अरे, बाइकचं मॅटर आहे ते, विमानाचं थोडीच? नाही बोल ना. कोण बघायला जातंय?” प्राचीच्या सासऱ्यांचंही, म्हणजे घरातच राहणाऱ्या महिपतरावांचंही तेच मत होतं. केमिकल कंपनीत तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस. तपासणीवाले आले की काय दाखवायचं आणि काय नाही, याचा त्यांना अनुभव होता. निघताना प्राचीने मात्र मला खिळ्यावरून काढून विनीतच्या बॅगेच्या कप्प्यात ठेवलं. का ते तिलाही सांगता आलं नसतं. देवाचा अंगारा ठेवतात तसं असेल.

त्यामुळे डॉक्टरांच्या खोलीतलं बोलणं मी कप्प्यातून ऐकलं. डोळे झाले, कान झाले, छातीची तपासणी झाली. मग डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “दारू?”

“घ्यायचो. दोन वर्षांहून जास्त झाली, बंद आहे.”

“पोलीस केस काही?”

मला वाटलं, आता ते जुनं वाक्य येणार.

“दोन,” विनीत म्हणाला. “दोन्ही दारू पिऊन गाडी चालवल्याच्या. दोन्हीत शिक्षा झालीये.”

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. ते म्हणाले, हे कशाला सांगितलंस, तुला कल्पना आहे ना याने काय होतं? विनीत म्हणाला, “सर, घरात मी रोज फुंकूनच आत जातो. इथे न फुंकता कसा येऊ?”

डॉक्टर हसले नाहीत, कौतुकही केलं नाही. त्यांनी सांगितलं की आता लगेच पास करता येणार नाही. रक्ताच्या तपासण्या, व्यसनाच्या डॉक्टरांचं मत, तीन महिन्यांनी पुन्हा हजर राहायचं. तेव्हा एवढासाही संशय आला तर विमानाचं नाव काढायचं नाही.

घरी आल्यावर महिपतराव एवढंच म्हणाले, “हातात आलेलं घालवलंस.” नंतर कितीतरी दिवस ते त्याच्याशी पेपरच्या आडूनच बोलत होते.

त्या तीन महिन्यांतला शेवटचा मे. सासूबाई, हौसाबाई, लांज्याच्या गावाहून आल्या आणि येताना गोणपाटात बांधून भलामोठा बरका फणस घेऊन आल्या. बरका म्हणजे मऊ, गिळगिळीत, रसाने भरलेला. प्रवासात तो जरा जास्तच पिकला होता. घरभर वास. मला फुंकणी हे नाव दिलं ते हौसाबाईंनीच. पहिल्यांदा मला पाहून त्या म्हणाल्या होत्या, “अगो, ही फुंकणी दारात कशाला? चूल तर दिसत नाही.”

पुन्हा तपासणीला जायचा दिवस उजाडला. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले होते, व्यसनाच्या डॉक्टरांचं पत्रही चांगलं होतं. उरलं होतं ते फक्त जाऊन समोर उभं राहणं. हौसाबाईंनी सकाळीच फणस कापला. आज नाही खाल्ला तर फुकट जाईल, म्हणून सगळ्यांच्या ताटलीत गरे. विनीतने इस्त्रीचा शर्ट जपत, पुढे वाकून, सात-आठ तरी गिळले. मग त्याने बूट घातले.

नियम आत येतानाचा होता, जातानाचा नव्हताच. पण प्राचीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने मला खिळ्यावरून काढलं. “जाताना एकदा फुंकून जा. मला बरं वाटेल.”

तो हसून वाकला. फुंकलं.

मी लाल झाले. नुसती लाल नाही, ओरडलेसुद्धा. दोन वर्षांनी ओरडले, त्यामुळे आवाज जरा जास्तच निघाला.

प्राचीने मला डोळ्यांजवळ नेऊन आकडा दोनदा वाचला. विनीतचा चेहरा उतरला.

“मी घेतली नाही,” तो म्हणाला.

तेच वाक्य. त्यालाही ते बोलताक्षणी ऐकू आलं असावं.

महिपतरावांनी पेपर खाली केला. “मशीन भंगार आहे ते. फेकून दे आणि त्याला जाऊ दे.”

“भंगार?” प्राची म्हणाली. “मग दोन वर्षं जे शून्य दाखवलं, तेही भंगारच ना, बाबा?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला दोनच दिवे दिलेत. फणस हा शब्द कुठल्या दिव्याने दाखवायचा? विज्ञान शिकवणारी बाई, ओळीखाली रेघ मारणारी बाई, माझ्याकडे एकटक बघत होती आणि तिला ती ओळ आठवत नव्हती.

विनीत खाली बसला. त्याने बुटाची नाडी सोडली, एक बूट काढला, मग दुसरा.

“मशीनला काही बोलू नका,” तो म्हणाला. “मी चूळ भरून येतो. थोड्या वेळाने परत फुंकतो. लागेल तितक्यांदा फुंकतो. उशीर झाला तर होऊ दे. तू सोडशील तेव्हाच निघेन.”

पुढे प्राचीने बहिणीला फोनवर सांगितलं की त्या क्षणीच तिचा त्याच्यावर विश्वास बसला. मी बोलू शकत असते तरी तिचं म्हणणं खोडून काढलं नसतं. पण ती अजून माझा आकडाच वाचत होती.

तेवढ्यात शिवानी आली. हनुवटीवर फणसाचा रस, दोन्ही हात चिकट. बाबांची पाळी झाली म्हणजे आता तिची. प्राचीने सवयीने, काही न कळता, मला खाली धरलं. पोरीने गाल फुगवून फुंकलं.

मी पुन्हा लाल झाले. पुन्हा ओरडले.

मग हौसाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “अगो बाय, हिने कधी घेतली?”

प्राचीने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा ताटलीतल्या गऱ्यांकडे. मग तिने एक गरा उचलून तोंडात टाकला, गिळला आणि माझ्यात फुंकलं. लाल. हौसाबाईंना फुंकायला लावलं. लाल. महिपतराव नको-नको म्हणत होते, पण त्यांनाही उठवलं. त्यांच्या वेळी मी सगळ्यात मोठ्याने ओरडले, कारण गरे त्यांनीच सगळ्यात जास्त खाल्ले होते. सगळं घर सकाळी-सकाळी प्यायलेलं निघालं. प्राची दाराशी बसून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. हसता हसता म्हणाली, “अति पिकला की फणस आतून आंबतो. मी मुलांना शिकवते हे. पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं थांबायचं असतं.”

चुळा भरून झाल्या. पंधरा मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत बसले, मी टेबलावर मध्ये. मग विनीत वाकला. हिरवा. शून्य.

“जा,” प्राची म्हणाली. “आणि डॉक्टरांना सांग, फणस खाल्लाय म्हणून.”

त्याने तेही सांगितलं. डॉक्टर या वेळी हसले म्हणे. तपासणीत तो पास झाला.

त्याला आता काही महिने झाले. विनीत दूरच्या एका गावात विमान शिकतोय. जाताना तो मलाही न्यायला निघाला होता, पण तिथे उडायच्या आधी रोज सगळ्यांना फुंकावंच लागतं. त्यांचं मशीन मोठं आहे, बहुधा फणसालाही ओळखणारं. रोज सकाळी त्याचा फोन येतो, “शून्य.” एका सकाळी तो पुढे म्हणाला, आज एकटा उडून आलो. प्राचीने वर्गात जाऊन मुलांना फळा पुसायला सांगितला आणि तशीच उभी राहिली. पुढे कुठली कंपनी त्याला घेईल, त्या दोन केसेस पुन्हा किती ठिकाणी सांगाव्या लागतील, कोणालाच माहीत नाही. तो सांगेल एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे.

मी अजून खिळ्यावर आहे. पण माझे सेल गेले. शिवानीच्या खेळण्यातल्या विमानाला हवे होते. तिने ते काढले तेव्हा प्राचीने पाहिलं, माझ्याकडे बघत क्षणभर थांबली आणि म्हणाली, “राहू दे.” मला वाईट वाटायला हवं होतं. तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी टांगलेली असेल तर तिच्यावर फार भार टाकू नका. तिचं म्हणणं ऐका, पण पंधरा मिनिटं थांबून ऐका.

परवा विनीत सुट्टीवर आला. दारात बॅग ठेवली आणि न सांगता वाकला. माझ्यात सेल नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पूर्वीसारखंच लांब फुंकलं आणि प्राचीकडे बघितलं. माझ्यात ना हिरवं पेटलं ना लाल.

“शून्य,” शिवानी म्हणाली. “ये.”