आम्ही पोचेपर्यंत सही नाही

नारिता विमानतळावर सामान घेऊन बाहेर आल्यावर रत्नाने समोरच्या सगळ्या पाट्या दोनदा वाचल्या. पाट्या धरून पंधरा-वीस माणसं उभी होती. तिचं किंवा तिच्या वडिलांचं नाव कुणाच्याच पाटीवर नव्हतं.

“थांबू जरा,” आबा म्हणाले. “गाडीवाला यायचा आसंल.”

आबांचं नाव हनुमंत. वय चौसष्ट. निरगुडसरला घर आणि दीड एकर जमीन. सत्तावीस वर्षं त्यांनी एका खाजगी डेअरीचा दुधाचा टँकर चालवला होता. निमगाव सावा, बेल्हे, आणे असा रोजचा फेरा. विमानात ते पहिल्यांदाच बसले होते आणि रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. रत्ना मंचरला एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. दोघं जपानला आले होते ते रवींद्रसाठी, रत्नाच्या धाकट्या भावासाठी. पुण्यातल्या एका संस्थेमार्फत तो दोन वर्षांपूर्वी फुकुओकाजवळच्या प्लास्टिकच्या कारखान्यात लागला होता. तीन आठवड्यांपूर्वी प्रेस मशीनमध्ये त्याचा उजवा हात सापडला.

अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी संस्थेचा तिथला माणूस एक कागद घेऊन दवाखान्यात आला. स्वतःला तो समन्वयक म्हणवायचा. कागदावर लिहिलं होतं, हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेली जाळी रवींद्रने स्वतः काढली. रवींद्र फोनवर म्हणाला, जाळी चार महिने नव्हतीच. काम उरकत नाही म्हणून सुपरवायझरने काढून ठेवली होती. रत्नाने त्याला सांगितलं, आम्ही येतोय, तोपर्यंत सही करायची नाही. हे कळल्यावर संस्था एकदम गोड झाली. तिकिटं आम्ही काढतो म्हणाले. टोकियोत आमचा माणूस गाडी घेऊन येईल, फुकुओकाच्या पुढच्या विमानात बसवून देईल. चार वाजता दवाखान्यात सगळे बसून शांतपणे बोलू.

पाऊण तासाने रत्नाच्या फोनवर संस्थेच्या माणसाचा मेसेज आला. गाडी येऊ शकत नाही. पुढचं विमान हानेदाहून आहे. ट्रेनने जा, एकदम सोपं आहे. खाली हात जोडल्याचं चित्र होतं.

रत्नाने पर्समधून तिकीट काढलं. उतरायचं टोकियो, निघायचं टोकियो, एवढंच तिने घरी वाचलं होतं. त्याखालच्या बारीक अक्षरांत दोन वेगळी नावं होती. लॅबमध्ये रक्ताच्या नळीवरचं नाव ती तीनदा तपासायची, आणि हा कागद तिने एकदाच पाहून घडी करून ठेवला होता.

“आबा, पुढचं विमान इथून नाही. दुसऱ्या विमानतळावरून आहे.”

“एका गावात दोन विमानतळं?”

“हो. ट्रेननं जायचं म्हणतोय.”

“म्हंजे स्वारगेटला उतरायचं आन शिवाजीनगरवरनं मंचरची गाडी धरायची.”

“तसंच. पण मधे ऐंशी किलोमीटर.”

आबांनी घड्याळ पाहिलं. ते त्यांनी विमानातच कुणाला तरी विचारून लावून घेतलं होतं. पावणेदहा झाले होते. विमान साडेबाराचं.

“आन हे तुला म्हाईत नव्हतं,” ते म्हणाले.

रत्ना बॅग ओढत जिन्याकडे निघाली.

खाली स्टेशनात तिकीट खिडकीवरच्या बाईने एका कागदावर रस्ता छापून दिला. घाईत रत्नाने तो नीट पाहिला नाही. फलाटावर गाडी उभी होती, दारं उघडी होती. दोघं आत शिरले. दारं मिटली. डब्यात परीक्षेच्या वर्गासारखी शांतता होती. खिडकीवर फोनवर काट मारलेलं चित्र चिकटवलेलं होतं.

आबा छापलेला कागद हातात घेऊन बसले. गाडी थांबली की ते दाराबाहेरच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडा बघायचे आणि पुन्हा कागदात बघायचे. तिसऱ्या स्टेशनला त्यांनी रत्नाच्या दंडाला हात लावला.

“ही गाडी आपली न्हाई. यातलं एक बी नाव कागदात न्हाई.”

रत्नाने नकाशा काढला. आबांचं बरोबर होतं. त्याच फलाटावरून दोन वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्या सुटत होत्या, आणि ते लांबच्या, जागोजाग थांबणाऱ्या गाडीत बसले होते. पुढे आओतो नावाच्या स्टेशनला दोन्ही मार्ग एकत्र येत होते. तिथे बदलता येणार होतं, पण अर्धा तास हातचा गेला होता.

“उतरून मागं जाऊन उपयोग नाही,” ती म्हणाली. “आओतोला बदलू.”

“कुणी सांगितलं व्हतं पयल्या गाडीत बसायला?”

“तुम्हीच म्हणालात ना, गाडी उभी आहे, चल.”

“म्या अडाणी हाय. तू शिकलेली हायस. त्याला हितं पाठवायला बी तूच शिकलेली व्हतीस.” आबांचा आवाज खाली होता, पण त्यातली धार गेली नव्हती. “फॉर्म तू भरला. पुण्याच्या हापिसात तू नेलं. दोन म्हयने रोज संध्याकाळी त्याच्या जपानीची उजळणी तू घेतली. मला कुणी इचारलं व्हतं?”

“विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, टँकरवर लावून देतो.”

“टँकरवर हात तरी ऱ्हायला असता.”

समोरच्या बाकावरचा एक म्हातारा त्यांच्याकडे पाहत होता. रत्नाने तोंड खिडकीकडे वळवलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बाहेर छोटी छोटी घरं, मधेच भाताची खाचरं, पुन्हा घरं. आबांशी भांडायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण तिला सगळ्यात जास्त राग त्या हात जोडलेल्या चित्राचा आला होता.

आओतोला फलाटाच्या पलीकडच्या बाजूलाच हानेदाची गाडी आली. या वेळी आबांनी आधी पाटी वाचून घेतली, मगच रत्नाला चढू दिलं. थोड्या वेळाने गाडी जमिनीखाली गेली. सव्वाअकरा वाजले असतील, तेव्हा रवींद्रचा मेसेज आला.

ताई, ते लोक आत्ताच आलेत. दुभाषी पण आहे. म्हणतात तुमच्या विमानाचा घोटाळा झालाय, तुम्ही आज पोचत नाही. डावा अंगठा दिला तरी चालेल म्हणतात. सही झाली की परवा घरी सोडणार. काय करू?

रत्नाने दोनदा वाचलं. मग तिला सगळं एका रांगेत दिसलं. न आलेली गाडी, दोन विमानतळ, मधले ऐंशी किलोमीटर, चारची बैठक अकरावर. तिने भराभर लिहायला घेतलं, पण अक्षरं चुकत होती.

“काय म्हंतोय?” आबांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. आबांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

“लाव त्याला. तोंड दिसंल आसा लाव.”

“आबा, इथे बोलत नाहीत फोनवर.”

“लाव.”

तिने फोन परत घेऊन व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांच्यापुढे धरला. रवींद्रचा चेहरा दिसला, गाल बसलेले, मागे पांढरी भिंत. “जयभीम आबा,” तो म्हणाला आणि लगेच कुणाकडे तरी बाजूला पाहू लागला.

“हिकडं बघ,” आबा म्हणाले. घाटात समोरच्या ट्रकवाल्याला हाक मारायचा त्यांचा आवाज होता. अख्खा डबा त्यांच्याकडे वळला. “डावा हात कुठंय तुझा?”

“हा काय.”

“चादरीखाली घाल. आमी येईस्तोवर भाईर काढायचा न्हाई. मुतायला जायचं झालं तरी नर्सला बोलव, ह्यांच्यातल्या कुणाला न्हाई. आमी दोघं टोकियोत हाय, आगीनगाडीत हाय, आजच येतोय. आता त्या माणसाला दाखव.”

चित्र हललं. सूट घातलेला तिशीतला समन्वयक दिसला. तो हिंदीत हसत बोलायला लागला, की अंकल, टेन्शन घेऊ नका, नुसती फॉर्मॅलिटी आहे.

“अंकल नहीं,” आबा म्हणाले. “मैं उसका बाप. नाम हनुमंत. तुमने हमको रस्ते में गाड़ा, तो भी हम आता है. तब तक कागज बॅग में रखो. मेरा लड़की ये सब फोन में भर रही है.”

रत्ना काहीही रेकॉर्ड करत नव्हती. पण तिने मान पुढे करून त्या माणसाला आपला चेहरा दिसेल असं केलं आणि म्हणाली, “बारा तारखेला, सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटं.” फोन बंद झाला.

शेजारचा एक तरुण उठून दुसरीकडे जाऊन बसला. आबांनी सगळ्यांना हात जोडले आणि खाली बसले.

दोन स्टेशनं गेल्यावर ते म्हणाले, “म्या असा कागद सही केला व्हता.”

“कसला?”

“आणे घाटातला. तुमी ल्हान व्हता. बिरेक लागत नाय म्हनून मी मालकाला दहा येळा सांगितलं व्हतं. मंग एक दिवस टँकर मागं सरकला आन जानकूचा पाय गेला. मालकानं लिहून आणलं, बिरेक चांगला व्हता, जानकू दारू पिऊन चाकाखाली आला. मी सही केली. माझी नोकरी ऱ्हायली. जानकूला काय बी मिळालं नाय.”

जानकूकाका टँकरवर कॅन चढवायचे. आण्याच्या यात्रेत ते कुबडी घेऊन फिरायचे तेव्हा आई तिला हळूच सांगायची, दारूनं वाटोळं झालं बिचाऱ्याचं.

“ते पीत होते का?”

“चहा सोडून काय पीत नव्हता.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय. मघापासून मला बोलताय, रवीचा हात माझ्यामुळं गेला म्हणून.”

“व्हय.”

एवढंच म्हणून ते थांबले. त्यांनी माफी मागितली असती तर ती कदाचित रडली असती. पण त्यांनी मागितली नाही, आणि तिचा राग जागच्या जागी राहिला.

हानेदाला काउंटरवर पोचायला त्यांना सव्वाबारा झाले. पाच मिनिटांपूर्वी ते बंद झालं होतं. तिथली मुलगी कमरेत वाकून वाकून क्षमा मागत होती, आणि जिचा काही दोष नाही तिच्यावर रत्नाला ओरडता येईना. दोनच्या विमानाची नवीन तिकिटं काढून ते बसले. दवाखान्यात शिरले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.

समन्वयक व्हरांड्यात बसला होता. उठून त्याने आबांच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं. आबा बाजूला सरकले.

“तुम्ही गैरसमज करून घेतला,” तो रत्नाला हिंदीत म्हणाला. “तिकिटात चूक झाली आमच्या ऑफिसची. आणि डॉक्टरांना अकराचीच वेळ होती.”

“बरं,” रत्ना म्हणाली. तिने पर्समधून वही काढली, एक पान फाडलं, पेन त्याच्यापुढे धरलं. “मग तसंच लिहा. नातेवाईक वाटेत असताना, ते आज पोचणार नाहीत असं सांगून, मी पेशंटचा अंगठा मागितला. खाली तुमची सही करा.”

तो हसला. रत्ना हसली नाही तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं.

“असं कसं लिहून देणार, मॅडम?”

“का? नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

त्याने पेन घेतलं नाही. बॅग उचलून तो लिफ्टकडे गेला, आणि त्यानंतर तो त्यांना पुन्हा भेटला नाही.

आत रवींद्र उशीला टेकून बसला होता. हाताच्या बँडेजमधून तीनच बोटांची टोकं दिसत होती. आबांनी स्टूल ओढलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिलं काय विचारलं तर, जाळी काढली त्या सुपरवायझरचं नाव काय. रवींद्रने सांगितलं. आबांनी रत्नाकडून ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून तिथल्या कामगार कचेरीत द्यायची तक्रार तयार केली. रवींद्र सांगायचा, रत्ना लिहायची. खरा पुरावा दिला तो लिन्ह नावाच्या व्हिएतनामी बाईने. ती रवींद्रच्या शेजारच्या मशीनवर होती. अपघाताच्या दोन महिने आधी, जानेवारीत, कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने फोटो काढला होता. पुढे केक, हसणारी पाच माणसं, आणि मागे प्रेस, जाळीशिवाय. कचेरीचा निरीक्षक कारखान्यात गेला तेव्हा मशीनवर जाळी होती, पण तिचे स्क्रू कोरे करकरीत होते.

परतीच्या वाटेवर रत्नाने आबांना विचारलं, “जानकूकाकांना सांगणार का?”

“सांगून पाय येनार हाय का?”

“नाही येणार,” ती म्हणाली. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

चार महिन्यांनी अहवाल आला. रवींद्रने तो फोनवर आधी जपानीत वाचला, मग मराठीत सांगितला. अपघाताच्या वेळी मशीनला संरक्षक जाळी नव्हती. ती काढली गेल्याची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापनाची आहे. कामगाराचा दोष आढळला नाही. दोन बोटं गेली ती गेलीच, पण आता तो तिथेच दुसऱ्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर होता आणि एवढ्यात परत येणार नव्हता.

आबांनी अहवालातली शेवटची ओळ, कामगाराचा दोष नाही ती, पुन्हा म्हणायला लावली. रवींद्रने म्हटली. मग ते ओट्यावरून उठले, चपला पायात सरकवल्या आणि रत्नाला विचारलं, “पुण्यातलं त्येंचं हापिस किती वाजता उघडतं?”

“दहाला,” ती म्हणाली. “अहवालाची प्रत घेऊन जाऊ. मी सोमवारची रजा टाकली आहे.”